पालकसभेतला एक प्रश्न

“घरी तो सगळ्यात जास्त कोणाशी बोलतो?” बाईंनी प्रगतिपुस्तक बाजूला ठेवून विचारलं.

समोरचे बाबा जरा गोंधळले. “आजीशी. पण ते मालवणीत.”

बालवर्गात तोंड न उघडणारं साडेतीन वर्षांचं पोर घरी मालवणीत गजाली करतं! हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

मागे आम्ही बाकीचे ‘एबीसीडी कधी लिहून घेणार’ हाच प्रश्न घोळवत बसलेलो. बोटांना आधी माती, मणी, कात्री हवी, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. काहींना पटलं नाहीच.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ तर आदिवासी भागातल्या कोसबाडला शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. आपल्याकडे दहा मिनिटांच्या सभेत निम्मा वेळ डबा आणि फीवरच जातो.

आजीला शुक्रवारी गोष्ट सांगायला बोलावलंय, मालवणीतच.

तुमच्या मुलांच्या बाई तुम्हाला काय विचारतात?