व्हॅन उंच केली, आता हँडल कुठे आणि कोणतं?

सस्पेन्शन दोन इंच वर घेतलं की खालून आपटणं थांबतं, पण दारात चढण्याचा प्रश्न सुरू होतो. लिफ्ट ५० मिमी आणि टायरचा व्यास ५० मिमीने मोठा असेल, तर गाडीचा फ्लोअर ७५ मिमी वर जातो, कारण टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मी उंची गाडीला मिळते. तीन इंच. तरुण माणसाला ते जाणवतही नाही. त्र्यंबकला निघालेल्या सत्तरीच्या आजींच्या एका हातात साडीच्या निऱ्या असतात आणि दुसऱ्या हातात पिशवी. त्यांना हे तीन इंच फार जड जातात. २०२७ च्या सिंहस्थासाठी गाड्या तयार करणाऱ्यांनी तर चढताना धरायच्या हँडलचा विचार लिफ्टच्या आधी करावा.

दुकानात पहिलं समोर येतं ते छताला लावायचं, स्प्रिंगने मिटणारं प्लास्टिकचं हँडल. घाटात वळणावर बसल्या बसल्या धरायला ते उत्तम आहे. चढण्यासाठी ते घेऊ नका. त्याची बिजागरी दोन छोट्या पिनांवर असते आणि अख्ख्या माणसाचा झटका त्या पिना फार दिवस सोसत नाहीत. नायलॉनच्या पट्ट्याची हँडल्स उघड्या जीपच्या रोल बारला, म्हणजे वरच्या लोखंडी कमानीला, गुंडाळायची असतात. व्हॅनमध्ये ती लोंबकळतात आणि ऐनवेळी हाताला सापडत नाहीत. चढायला हवं ते पिलरवर, म्हणजे दाराशेजारच्या खांबावर, उभं बसणारं, दोन्ही टोकांना धातूचा पाय असलेलं, अखंड दांड्याचं हँडल. तयार मिळालं नाही तर बसच्या बॉडीचं काम करणाऱ्याकडून २५ मिमी स्टीलच्या पाइपचं करून घ्या. नाशिकच्या अंबड-सातपूरकडे फॅब्रिकेशनवाल्यांची कमी नाही.

दांड्याची जाडी २५ ते ३२ मिमी. याहून बारीक दांडा बोटांत रुततो आणि याहून जाड असेल तर म्हाताऱ्या माणसाची मूठ पुरती वळत नाही. दांडा आणि पॅनेल यांच्यात किमान ४० मिमी जागा हवी, नाहीतर अंगठी किंवा बांगडी अडकते. चकचकीत स्टील दिसायला छान, पण इगतपुरीकडच्या पावसात ओल्या हातातून निसटतं. दाणेदार पावडर कोटिंग किंवा रबराची ग्रिप घ्या. स्पंजची ग्रिप नको. ती पाणी पिते, आणि काचेलगत उन्हात राहिली की भुगा होऊन हाताला चिकटते.

आता जागा. मधल्या सरकत्या दारासमोर उभं राहून पाहा: डावीकडचं दार असेल तर बी पिलर, म्हणजे पुढचं दार आणि सरकतं दार यांच्यामधला खांब, आपल्या डाव्या हाताला येतो. बहुतेक माणसं पिशवी डाव्या हातात घेऊन उजवा हात मोकळा ठेवतात, आणि त्या उजव्या हाताला धरायला काहीच नसतं. मग सीटची पाठ धरली जाते आणि ती हलते. म्हणून बी पिलरवर एक लांब उभं हँडल आणि दाराच्या चौकटीच्या मागच्या कडेला, आतल्या बाजूने, दुसरं, अशी जोडीच लावावी. खालचं टोक जमिनीपासून ११० ते १२० सेंमीवर ठेवा. जमिनीवर उभं असताना हात खांद्याच्या वर न्यावा लागू नये, आणि पाय वर टाकताना मूठ दांड्यावरून वर सरकवता यावी. ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेलगतच्या ए पिलरवर एक हवंच, नाहीतर तो रोज स्टिअरिंगला लोंबकळून चढतो.

भोक पाडण्याआधी पीव्हीसी पाइपचा तुकडा मास्किंग टेपने त्या जागी चिकटवून दार सरकवा, सीट मागेपुढे करा, बेल्ट ओढून पाहा. दाराच्या रबरापासून हँडल २० मिमी तरी आत हवं. पिलरवर किंवा छताच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथे ड्रिल लावायचंच नाही, त्यावर हँडलही नको.

खरी गोम हँडलच्या मागे आहे. माणूस चढताना मागे झुकतो, म्हणजे ओढ पॅनेलपासून सरळ बाहेर येते. पिलरचा आतला पत्रा जेमतेम एक मिमीचा. त्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारला तर पकड एक-दोन आट्यांचीच. तो आज घट्ट वाटेल, पण महिन्याभरात भोक लांबट होईल. आधी ट्रिम, म्हणजे पिलरवरचं प्लास्टिकचं आवरण, काढून पाहा. बऱ्याच गाड्यांत बेस मॉडेलला हँडल नसलं तरी वरच्या मॉडेलसाठी आटे पाडलेली भोकं कंपनीतूनच तयार असतात. ती सापडली तर निम्मं काम झालं. पत्र्यामागे हात पोचत असेल तर ३ मिमी लोखंडी प्लेट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) यांना तोड नाही. हात पोचत नसेल तरच रिव्हनट, म्हणजे बाहेरूनच भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट, आणि तोही स्टीलचा.

एम६ (६ मिमी बोल्टच्या) रिव्हनटला भोक ९ मिमी. साडेनऊ झालं की नट जागच्या जागी फिरतो, मग बोल्ट आवळताही येत नाही आणि काढताही येत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ड्रिलबिटला टोकापासून १० मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे बिट आतल्या वायरिंगपर्यंत जाणार नाही. आधी एकच भोक पाडून हँडल तिथे बसवा आणि मगच दुसऱ्याची खूण करा. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर लावा, लोखंडाचा कीस चुंबकाने काढा. तो पिलरच्या तळाशी राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

हँडल सैल होण्याचं मुख्य कारण मात्र प्लास्टिकची ट्रिम. बोल्ट ट्रिमवरच आवळला की प्लास्टिक हळूहळू दबतं आणि बोल्ट ढिला पडतो. उपाय साधा आहे: ट्रिमचं भोक १३ मिमी करायचं आणि त्यातून १२ मिमी बाहेरच्या व्यासाचा पाइपचा तुकडा पत्र्यापर्यंत घालायचा. हँडलचा पाय त्या तुकड्यावर टेकतो, ट्रिमवर भार येत नाही. बोल्टची लांबी इथेच चुकते. हँडलचा पाय ८ मिमी, वॉशर दीड, तुकडा २२, म्हणजे पत्र्यापर्यंतच साडेएकतीस झाले. रिव्हनट दाबल्यावर त्याचे आटे पत्र्यापासून साधारण ५ मिमी आत सुरू होतात. ४० चा बोल्ट तीन-साडेतीन मिमीच धरेल, ४५ चा घ्या. निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि छोट्या पान्याने, मनगटाच्या जोरावरच आवळा.

हँडलला आरटीओची अडचण सहसा येत नाही. लिफ्टचं तसं नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, त्यामुळे ते काम करण्याआधी विचारून घ्या.

बसवून झाल्यावर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, अंग मागे टाकून हँडल ओढा आणि कुणाला तरी पत्र्याकडे बघायला सांगा. पत्रा डोळ्याला दिसेल इतका फुगत असेल तर मागे प्लेट घातल्याशिवाय ती गाडी प्रवाशांना देऊ नका. बोल्टच्या डोक्यावरून हँडलच्या पायापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. कसारा घाट एकदा जाऊन-येऊन झाला की ती रेघ तुटलीय का ते बघा.