रेडिएटरपासून वायरिंगपर्यंत: आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात फक्त रेडिएटरपासून झाली. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप, सगळ्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. टाकी उघडायची, नळ्यांतून पातळ पट्टी फिरवून गाळ काढायचा, गळती असेल तिथे कथलाचा डाग द्यायचा आणि पाण्याच्या हौदात बुडवून हवेच्या दाबाने बुडबुडे बघायचे. नाशिकमध्ये या कामाला तोटा नव्हता. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय सगळीकडेच होती आणि त्या पाण्यातला क्षार नळ्यांच्या आत पांढऱ्या थराने बसायचा. चारपैकी एक नळी बंद झाली तरी गाडी शहरात कुरकुर करत नाही. कसारा घाट चढताना मात्र तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो.

पुढे ॲल्युमिनियमचा कोअर (मधली नळ्यांची जाळी) आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि आमचं निम्मं कसब एका झटक्यात निरुपयोगी झालं. या रेडिएटरला डाग बसत नाही. टाकी कोअरच्या कडेला दुमडलेल्या दातांनी धरलेली असते, मध्ये रबरी पॅकिंग असतं. आठ-दहा वर्षांच्या उष्णतेनं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि वरचा होस पाइप जिथे चढतो तिथेच तडकतं. एपॉक्सी लावलेली टाकी दाब आला की पुन्हा उघडते, म्हणून आम्ही ती दुरुस्ती घेत नाही. पितळी रेडिएटर धुवायला वापरायचा कॉस्टिक सोडाही आम्ही बंद केला, कारण तो ॲल्युमिनियम अक्षरशः खातो.

धंद्याला खरं वळण लागलं ते परत येणाऱ्या गाड्यांमुळे. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), नवं कूलंट, तरीही सिग्नलला गाडी तापते. आमच्याकडे तेव्हा इलेक्ट्रिशियन नव्हता. गाडी दुसऱ्या दुकानात जायची, तिथून "फॅन तर फिरतोय" असं उत्तर यायचं आणि ग्राहक दोन दुकानांच्या मध्ये अडकायचा. म्हणून वायरिंगचं काम त्याच छपराखाली आणलं. जुन्या गाडीत पाणी आणि करंट ही दोन वेगळी खाती नाहीतच, असं आमचं ठाम मत आहे.

फॅनचंच बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आहेत. फॅन लागलेला असताना मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायरच्या जोडावर, मीटर धरला तर १०.८. म्हणजे ३.१ व्होल्ट वाटेत गेले. आता मीटरची एक पिन मोटरच्या मायनसवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर धरायची: १.९. एवढे व्होल्ट एकट्या अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या बॅटरीकडे परतायच्या वाटेत, जातात. उरलेले १.२ रिलेचे (फॅनचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) काळे पडलेले पॉइंट आणि सैल फ्यूज होल्डर खातात. फॅन फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण तो निम्म्या जोरानं हवा ओढत असतो. अशा गाडीला कितीही महागडा रेडिएटर बसवा, द्वारका चौकात ती तापणारच.

उपाय फारसा खर्चिक नाही, पण हात स्वच्छ हवा. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत घासायचा. जुना थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) तिथेच पिळून बसवायचा नाही. वायर मागे कापून तांबं लालसर दिसेपर्यंत जायचं, नवा थिंबल क्रिम्प करायचा, खाली दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळायचा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. घट्ट आवळल्यावर जेली, आधी नाही. काम झाल्यावर अर्थिंगमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आणि संपूर्ण वाटेत ०.५ पेक्षा जास्त घट दिसली तर आम्ही काम पूर्ण झालं असं मानत नाही. फॅनची वायर कडक होऊन तडकली असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची नवी टाकतो, रिले ३० अँपिअरचा. फ्यूज मात्र कंपनीनं दिला तेवढाच. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकला तर पुढच्या वेळी वायर जळते. मोटरचा बुश झिजून ती जास्त करंट ओढत असेल तर क्लॅम्प मीटरवर लगेच कळतं आणि मग बदलायची असते ती मोटर.

अर्थिंग बिघडण्याचा दुसरा परिणाम अजून फार लोकांना माहीत नाही. करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियमच्या कोअरला आतून बारीक छिद्रं पाडतो. वर्षात दुसऱ्यांदा रेडिएटर गळला तर आम्ही तिसरा बसवण्याआधी ही चाचणी करतो. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं, मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन कूलंटमध्ये बुडवायची, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपली आहेत, ते बदलायचं. बंद असताना आकडा कमी आणि हेडलाइट, ब्लोअर किंवा सेल्फ मारताना एकदम वर गेला, तर त्या-त्या भागाची अर्थिंग शोधायची. इंजिन आणि बॉडीमधली जाळीदार पट्टी बहुतेक वेळा तिथे तुटलेली किंवा नुसती लोंबकळत असते. इंजिनचं काम करताना कुणीतरी ती काढलेली असते आणि परत लावायची राहिलेली असते.

बेल्टचंही तसंच. ज्या गाड्यांत एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो, तिथे बॅटरीचा लाल दिवा आणि वर चढणारा काटा एकाच वेळी दिसतात. बेल्ट अंगठ्यानं मध्यभागी दाबला तर साधारण ८ ते १० मिलिमीटर खाली जावा. चकाकी आलेला किंवा आतून चिरलेला बेल्ट नुसता ताणून भागत नाही. दोन्ही एकदम दिसले की गाडी तिथेच थांबवायची. अशा वेळी "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" म्हटलेल्या गाड्यांचं हेड वाकलेलं आम्ही पाहिलंय.

ग्राहक आत आला की आमचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठे तापते? सिग्नलला तापते आणि मुंबई-आग्रा महामार्गावर लागली की काटा खाली येतो, तर दोष फॅनकडे, म्हणजे मोटर, रिले, सेन्सर किंवा अर्थिंग. उलट गावात ठीक आणि घाटात किंवा मोठ्या वेगात तापते, तर पाणी फिरत नाही: बंद नळ्या, अर्धाच उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, किंवा आत चोखला जाऊन चपटा होणारा खालचा होस. सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटांत वरचा होस दगडासारखा टणक झाला तर हेड गॅसकेटचा संशय. तेव्हा रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरतो. जळालेला गॅस पाण्यात येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. यानंतर प्रेशर पंपानं झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत, बऱ्याच जुन्या गाड्यांत ०.९ बार, हवा भरून पंधरा मिनिटं पंपाचा काटा बघायचा; उतरला तर कुठेतरी गळती. झाकणही वेगळं तपासतो. हे झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं आणि लोक रेडिएटर बदलतात.

सेन्सरच्या बाबतीत एक शॉर्टकट उपयोगी पडतो. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर दोन पिनांचा थर्मोस्विच असतो, पाणी तापलं की तो फॅन लावतो. कपलर काढून दोन्ही पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या आणि फॅन लागला तर वायरिंग ठीक, स्विच गेला. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हे करायचं नाही. तिथे सेन्सरचा रोध मोजतो: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गाडीनुसार थोडा फरक पडतो, पण पाणी तापताना आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला.

दोन कामं आम्ही नाकारतो आणि त्यामुळे ग्राहक गमावले तरी चालतात. पहिलं, थर्मोस्टॅट काढून टाकणं. "नाशिकच्या उन्हात कशाला हवा?" असं विचारतात. काढला की इंजिन ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही, इंजेक्शनची गाडी जास्त पेट्रोल ओतत राहते आणि काही इंजिनांत बायपास उघडा राहून निम्मं पाणी रेडिएटरकडे जातच नाही. निफाडच्या थंडीत तर त्या गाडीचा हीटरही चालत नाही. दुसरं, फॅनला डॅशबोर्डवर स्विच देऊन डायरेक्ट जोडणं. एक दिवस तो लावायचा राहतो.

कूलंटबद्दल थोडक्यात: लहान गाडीत साडेतीन ते पाच लिटर बसतं, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, जुन्या हिरव्या जातीचं दोन वर्षांनी बदलायचं आणि वेगळ्या जातीत मिसळायचं नाही.

पाहणीचे पैसे आता आम्ही वेगळे घेतो. सुरुवातीला लोकांना ते खटकायचं. पण पाहणी फुकट ठेवली की दुकानाला पार्ट विकूनच पैसे काढावे लागतात आणि पार्ट बदलत-बदलत दोष शोधायची सवय तिथूनच लागते. जॉब कार्डवर आता पार्टच्या नावांआधी आकडे असतात: बॅटरी, चार्जिंग, फॅनच्या कपलरवरचे व्होल्ट, अर्थिंगमधली घट, प्रेशर किती मिनिटं टिकलं. आयटीआयमधून नवा मुलगा आला की त्याच्या हातात पहिला महिना पाना नाही, मीटर देतो.

गाडी त्याच दिवशी हवी असा आग्रह असतो, आम्ही शक्यतो रात्रभर ठेवतो. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि गाडीचं तोंड चढावर करून हवा काढतो, मग फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत इंजिन उभ्या जागी चालवतो. इंजिन थंड होताना अडकलेली हवा वर येते आणि पातळी कधी अर्धा लिटरही खाली जाते. सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडायचं, कूलंट तोंडापर्यंत भरायचं, बाजूच्या बाटलीतली पातळी खुणेला लावायची आणि मग चावी द्यायची.