काळी पाचची भुणभुण

सोलापुरात साखर पेठेत एका गोडाउनच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. भिंतीला भिंत लागून चादरीचा कारखाना. त्यामुळे रेकॉर्डिंग सगळं रात्री, माग थांबल्यावर. मे महिन्यात एसीही बंद, कारण माइक त्याचीही घरघर सोडत नाही.

बारा वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळ कशात घातला असेल, तर रेकॉर्डिंगमध्ये घुसणारी विजेची भुणभुण घालवण्यात. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा भरून दोनदा नव्याने केला. पहिल्या वेळी इलेक्ट्रिशियनने कोळशाऐवजी विटांचा चुरा टाकला होता, तो वेगळाच विषय. लोक सकाळी देवापुढे दिवा लावतात, मी मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघतो.

आणि याच मी गेल्या वर्षी पैसे मोजून जुन्या ॲनालॉग कन्सोलची, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरची, नक्कल करणारं प्लगइन घेतलं, कॉम्प्युटरमधलं एक सॉफ्टवेअर.

ते कशाला घेतलं हेही सांगतो, कारण त्याबद्दल मला अजूनही लाज वाटत नाही. रूपर्ट नीव्ह यांच्या इंग्लंडमधल्या कंपनीने १९७० मध्ये १०७३ हे कन्सोलमध्ये बसणारं मॉड्यूल काढलं, माइकचा आवाज वाढवणारं आणि सूर कमीजास्त करणारं. खरं १०७३ मी आयुष्यात हाताळलेलं नाही, पण बटणं पाठ आहेत. खालच्या पट्टीला ३५, ६०, ११०, २२० हर्ट्झ, वरची पट्टी १२ किलोहर्ट्झला. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज जितका खालचा आणि जोराचा, तितका ट्रान्सफॉर्मरचा गाभा लवकर भरतो आणि मूळ सुराची तिप्पट कंपनं त्यात मिसळतात. पखवाजाच्या धुम्याचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, ७० हर्ट्झचा घुमारा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. तिप्पट म्हणजे २१०, तो येतो. आपले अभंग आज ऐकले जातात ते मोबाइलवर. धुम्याला कणीक लावून तो तासभर सुरात आणणाऱ्या माणसाचे कष्ट त्या स्पीकरमधून बाहेर काढायचे, तर मला हे लागतं. फक्त आत जाणारा आवाज मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास धरावा लागतो. हल्लीची पोरं लाल दिव्यापर्यंत ढकलतात आणि वर म्हणतात, ॲनालॉग फील येत नाही.

तर मामा. अडतीस वर्षं लूमवर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात, काढली, आता रिटायर. आमच्या भागातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. आषाढीच्या आत आठ अभंगांचं रेकॉर्डिंग हवं होतं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मिक्सिंगला रोज येऊन बसायचे आणि रोज एकच मागणी, टाळ वाढवा. मी वाढवायचो, ते परत म्हणायचे. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेल्या माणसाचं ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास बसतं, आणि टाळांची किणकिण त्याच भागातली. मी मनात ठरवून टाकलं की मामांच्या कानावर जायचं नाही. मान हलवायची, आपलं करायचं.

पाचव्या दिवशी शेवटचा अभंग ऐकवत होतो. दोन कडव्यांच्या मधे सगळे थांबतात, फक्त तंबोरा राहतो. मामांनी हात वर केला.

"हे काय घुमलालंय?"

मला काही ऐकू आलं नाही. आवाज वाढवला, तेव्हा आलं. खाली बारीक भुणभुण. माझ्या पोटात गोळा आला, कारण या खोलीत ती येत नाही याचाच मला गर्व. मल्टिमीटर घेतला. यूपीएस काढून बघितला, केबल बदलल्या, ट्यूबलाइट बंद केल्या, पेटीच्या माइकची वायर नव्याने सोल्डर केली. दोन तास गेले. मामा खुर्चीत शांत बसलेले.

"सर, ही लाइटची नाही."

"मामा, भुणभुण लाइटचीच असते."

"आमच्या मोटारी पांढरी पाचला घुमतात. तुमच्या जिन्यातला ट्रान्सफॉर्मर पण पांढरी पाच. हे काळी पाचला हाय की." पेटी ओढून त्यांनी दोन्ही सूर दाबून दाखवले.

मी खाली बसलो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची भुणभुण मुख्यतः १०० वर, पांढरी पाचच्या किंचित वर. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथली १२०. शंभराला एकशेवीस म्हणजे पाचास सहा, म्हणजे अगदी शुद्ध हिशोबाचा कोमल गंधार. आमच्या पेठेत अमेरिकेची वीज घुमत होती.

प्लगइन उघडलं. कोपऱ्यात एक बारकं बटण, ५०, ६०, बंद. माझं ६० वर. पुण्याच्या एका मित्राने पाठवलेलं टेम्प्लेट मी न तपासता वापरत होतो, त्यात ते तसंच होतं. जुन्या कन्सोलचं खरखरणं आणि भुणभुणणंसुद्धा नकलेत असतं. ज्यांनी ते कन्सोल बांधले ते बिचारे हेच घालवायला झटत होते, हे वेगळंच. एका ट्रॅकवर ते कुणाला कळणार नाही. मी चोवीस ट्रॅकवर लावलं होतं. खरखर असती तर चोवीस ट्रॅकची मिळून १४ डेसिबल वाढली असती. पण भुणभुण सगळीकडे एकाच फेजमध्ये, म्हणजे लाटेला लाट जुळून, असली की ती २८ डेसिबलपर्यंत जाते. त्यावर बारीक आवाजही वर उचलणारा लिमिटर. चूक पूर्ण माझी.

मी बटण बंद केलं. मग मामांना गंमत म्हणून ५० वर लावून दाखवलं.

"हां, आली आपली लाइट," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "ह्याचे पैसे दिले तुम्ही?"

"दिले."

"भुणभुणीचे?"

"सगळ्याचे मिळून."

"आमच्या मालकाकडं या की. फुकट देतो."

दुसऱ्या दिवशी मी अभंगाच्या दोन फाइली केल्या. एक नकली कन्सोलमधून काढलेली, भुणभुण बंद करून, दुसरी साधी. कोणती कुठली ते सांगितलं नाही. पखवाज मामांनी पहिलीतला निवडला, कन्सोलचा. कोरस साधा निवडला, म्हणाले, यात आमची माणसं ओळखू येतात. मी खूश. पखवाजाचं माझं गणित या कानांनी पास केलं होतं.

मामांनी पेनड्राइव्ह नेल्यावर सेशन परत उघडलं. कोरसची पातळी मी दोन्हींत जुळवली होती. पखवाजाची राहून गेली होती. कन्सोलवाला पखवाज दुसऱ्यापेक्षा पाऊण डेसिबल मोठा होता, आणि थोडा मोठा आवाज माणसाला सहसा चांगला वाटतो. त्यांनी ट्रान्सफॉर्मर निवडला की नुसता जोर, मला सांगता येत नाही. अभंग मंडळात पोचले, पंढरीच्या वाटेवर वाजतायत. मामांना पुन्हा बोलावून पातळी जुळवून ऐकवावं असं रोज वाटतं. ते येतील, बसतील आणि म्हणतील, टाळ वाढवा.