रुमाल टाकलेली सीट

मार्चमधली दुपार. बागेत आग्यामोहोळ उठलं आणि साठीच्या एका बागायतदाराला मुलाने जीपमध्ये घालून आमच्या दवाखान्यात आणलं. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, श्वासाला घरघर, बीपी 70 वर 40. डंखांची जीवघेणी अ‍ॅलर्जी. मांडीत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन दिलं, ऑक्सिजन लावला, सलाइन फुल सोडलं. पाच मिनिटांनी पुन्हा अ‍ॅड्रेनलिन. बीपी हलेना.

मला खटकली ती नाडी. 56. एवढ्या शॉकमध्ये, वर दोन अ‍ॅड्रेनलिन गेल्यावर, ती सव्वाशेच्या घरात पळायला हवी.

"काकू, काका रोज कुठल्या गोळ्या घेतात?"

"बीपीची. पांढरी, बारकी."

पिशवीतून स्ट्रिप निघाली. मेडिकलमधून कापून दिलेली. नावाचं शेपूट तेवढं उरलेलं: 'लॉल'. तेवढं पुरे होतं. अटेनोलॉल असो की मेटोप्रोलॉल, घराणं बीटा-ब्लॉकरचंच. हे मी आल्या आल्या विचारायला हवं होतं.

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, ही गोळी तेच करते. हृदयाच्या पेशीवरच्या बीटा रिसेप्टरवर, म्हणजे त्या सीटवर, अ‍ॅड्रेनलिन बसलं की आतलं जी-प्रोटीन हलतं, ते एका एन्झाइमला चालना देतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या तयार होतो आणि हृदय जोरात, भराभर चालतं. गोळी त्या सीटवर बसून गाडी मात्र हलवत नाही. एरवी बीपी आटोक्यात राहतं ते यामुळेच. आज नेमकी तीच सीट हवी होती.

अशा वेळी आठवतं ते ग्लुकागॉन हे हार्मोन. त्याचा रिसेप्टर वेगळा, पण आतली साखळी तीच. ड्रायव्हरच्या दाराने गाडीत शिरावं तसं. (या रिसेप्टरांच्या घराण्यावर 2012 चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळालं. तोंडी परीक्षेत मी ते रुबाबात सांगितलं होतं. उपयोग असा पडेल असं वाटलं नव्हतं.)

समोरच्या मेडिकलमध्ये ग्लुकागॉनचे दोन किट निघाले, एका मधुमेही मुलासाठी मागवून ठेवलेले. सिस्टर गोंधळल्या. "सर, शुगर तर 138 आहे!" ग्लुकागॉन साखर वाढवायचं इंजेक्शन, त्यांचं बरोबरच होतं. "शुगरसाठी नाही. मान कुशीला वळवा, उलटी होईल." एक मिलिग्रॅम शिरेतून, सावकाश. उलटी झालीच, माझ्या बुटांवर. मग दुसरा.

नाडी 64. 72. 84. बीपी 94 झालं तेव्हा काका पुटपुटले, "पाणी." पाणी दिलं नाही. अ‍ॅड्रेनलिनची ड्रिप चालू ठेवून अ‍ॅम्ब्युलन्सने जिल्ह्याच्या आयसीयूत पाठवलं.

आठवड्याने दोघं आले. तिथल्या डॉक्टरांनी जुनी गोळी हळूहळू कमी करत अ‍ॅमलोडिपिन सुरू केली होती. काकूंनी नवी स्ट्रिप टेबलावर ठेवली, आख्खी.

"मेडिकलवाल्याला बजावलंय," त्या म्हणाल्या, "नावाकडून कापायची नाही."