दुरुस्तीपासून डिझाइनपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात जनरेटर दुरुस्तीतून झाली. वीज गेली आणि सेट चालू झाला नाही, की आम्हाला बोलावणं यायचं. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असायचं, दगा दिलेला असायचा स्टार्टिंगच्या बॅटरीने. यंत्र कितीही भारी घ्या, त्याच्याभोवतीची व्यवस्था नीट आखलेली नसेल तर ऐन वेळी ते कामाला येत नाही, हे त्या कामात पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून आम्ही डिझाइनकडे वळलो. आज व्यापारी इमारतींसाठी पर्यायी वीज आणि आपत्कालीन प्रकाशयोजना हेच आमचं मुख्य काम आहे.

ग्राहक पहिल्यांदा विचारतो, "किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा सेट लागेल?" आम्ही आधी वीज गेल्यावर काय काय चालू राहायला हवं, त्याची यादी मागतो. फायर पंप, फायर लिफ्ट आणि जिन्यात धूर शिरू न देणारे पंखे पहिल्या गटात, एसी अगदी शेवटी. या यादीवरून वाद होतात, आणि ते कागदावर असतानाच झालेले बरे.

मग पंप, लिफ्ट आणि पंख्यांच्या विजेच्या मोटारी. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. सगळ्या एकदम सुरू झाल्या तर व्होल्टेज बसतं आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारींना वीज जोडणारे स्विच, सुटतात. त्यामुळे आम्ही टायमर लावून मोटारी एकामागून एक घेतो. "मग मोठाच सेट घेऊ," हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण असा सेट एरवी कमी लोडवर, म्हणजे कमी वीजभारावर चालत राहतो. डिझेल इंजिन सतत ३० टक्क्यांहून कमी लोडवर चालवलं तर इंधन पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळू लागतं.

आम्हाला सर्वांत जास्त भांडावं लागतं ते एमर्जन्सी लाइटसाठी. "जनरेटर आहे ना, मग बॅटरीचे दिवे कशाला?" असं हमखास ऐकू येतं. एक तर सेटला लोड घ्यायला काही सेकंद लागतातच. जीवसुरक्षेच्या लोडसाठी १० सेकंदांची मर्यादा सर्रास धरतात, पण गर्दीने भरलेल्या जिन्यात तेवढा काळोखही जीवघेणा ठरू शकतो. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. समजा, फक्त एका मजल्याच्या पॅसेजचा एमसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारा स्विच, पडला. मेन सप्लाय चालू, त्यामुळे जनरेटरला याचा पत्ताच नाही, आणि पॅसेजमध्ये मात्र काळोख. म्हणून एमर्जन्सी लाइटने मेन पॅनेलवर नव्हे, त्याच पॅसेजच्या सर्किटवर नजर ठेवायला हवी.

युरोपीय ईएन १८३८ मानकात बाहेर पडण्याच्या वाटेवर जमिनीपाशी किमान १ लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश मागितला आहे. आमची मुलं जिन्याच्या वळणावर, थेट पायरीवर लक्समीटर ठेवून तो मोजतात. नकाशात पुरेसा वाटलेला दिवा तिथे बीमच्या सावलीत सापडतो.

काम सोपवताना आम्ही टेस्टचं बटण दाबून थांबत नाही, इमारतीचा मेन स्विच पाडतो. काही मालक कचरतात, म्हणून ही चाचणी आम्ही करारातच लिहून घेतो.