लेकीची क्लासिकल चार्टर शाळा : माझा अनुभव

आमच्या ओळखीत कुणाचं मूल चार-पाच वर्षांचं झालं की मला हमखास एक फोन येतो. "तुमची त्या क्लासिकलमध्ये आहे ना? कशी आहे गं? आमच्याला घालू का?" मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही, त्यामुळे समोरची जरा खट्टू होते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सच्या आग्नेयेला चँडलरमध्ये राहतो. लेक पहिलीपासून या शाळेत आहे, आता सातवीत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारीही करणार आहे.

ॲरिझोनात चार्टर शाळांचा कायदा १९९४ साली झाला आणि आज इथल्या सरकारी शिक्षणातल्या दर पाच मुलांमागे साधारण एक चार्टर शाळेत जातं. सासूबाईंना समजावताना मी "आपल्या अनुदानित शाळेसारखं" असं सांगितलं होतं. ते बऱ्यापैकी जुळतं. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा. फी घेता येत नाही, प्रवेशपरीक्षा घेता येत नाही, धर्म शिकवता येत नाही. अमुक गल्लीत घर हवं अशीही अट नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की सोडत निघते.

धर्माचं मुद्दाम सांगितलं, कारण ‘क्लासिकल’ (म्हणजे जुन्या पाश्चात्त्य परंपरेवर बेतलेलं शिक्षण) हा शब्द शोधलात की निम्मे निकाल खाजगी ख्रिस्ती शाळांचे येतात. शिक्षणाची कल्पना दोघांची एकाच मुळातून आलेली असली, तरी त्या वेगळ्या शाळा. आमच्या शाळेत बायबलमधल्या गोष्टी येतात, पण ग्रीक देवांच्या येतात तशाच. दुसरीत सिंधू संस्कृती, हिंदू धर्म, बुद्ध आणि अशोक आले. तीन आठवड्यांत आपली पाच हजार वर्षं उरकली आणि रोमला मात्र महिने दिले, याचा मला राग आला होता. पण त्यांचं अभ्यासाचं केंद्रच पश्चिम आहे आणि ते तसं आधी सांगतात. आपली बाजू घरी भरून काढायची.

आता प्रवेशाचं. आमच्याकडे अर्ज नोव्हेंबरात उघडतात, कारण शाळा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये सुरू होते. अर्ज म्हणजे नाव, जन्मतारीख, इयत्ता, बस. पहिल्या सोडतीत आमचा नंबर प्रतीक्षायादीत बराच खाली लागला. ज्यांचं मोठं भावंड आधीच शाळेत आहे त्यांना अग्रक्रम असतो, त्यामुळे पहिल्या मुलासाठी जागा दिसतात त्याहून कमी असतात. आम्ही नाद सोडला आणि जूनमध्ये पुण्याला आलो. तिथं एका रात्री जागा मिळाल्याची मेल आली आणि ती जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन बसली. तीन दिवसांत होकार द्यायचा होता. मला ती दिसली तेव्हा तिसरा दिवस सुरू होता, तोही चँडलरच्या घड्याळानं. पुण्याचे साडेबारा तास पुढे असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

कागदपत्रांत अडलो लसींवर. लेकीचा जन्म पुण्याचा, ऑगस्टमधला. तिच्या पिवळ्या कार्डावर गोवरची पहिली लस नवव्या महिन्यातली. इथं पहिल्या वाढदिवसाआधी दिलेली एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस) मोजत नाहीत, आणि शाळेला दोन डोस लागतात. तरी हरकत नव्हती, पंधराव्या महिन्यात दुसरी आणि पाचव्या वर्षी तिसरी दिलेली होती. पण पुण्याच्या डॉक्टरांनी पंधराव्या महिन्यातल्या डोसची तारीख लिहिली होती ७/११. म्हणजे सात नोव्हेंबर. इथल्या क्लिनिकनं ती वाचली जुलैची अकरा, आणि जुलैत तर पोरगी वर्षाचीही झाली नव्हती. झालं, तोही डोस बाद. "अजून एक इंजेक्शन द्यावं लागेल," असं तिथल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. कार्डावरच्या दुसऱ्या एका लसीची तारीख २३/९ होती. तेवीसावा महिना कुठल्याच देशात नसतो, हे त्यांना दाखवलं तेव्हा प्रकरण मिटलं. भारतातून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहून घ्या. एवढंच वाचून कुणी पुढं गेलं तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

दुसरा कागद लहानसा, पण मी त्याच्यापुढे रात्रभर बसले होते. ॲरिझोनाच्या सगळ्या सरकारी शाळांत घरच्या भाषेविषयी तीन प्रश्न विचारतात. घरात जास्त वेळ कुठली भाषा बोलतात, मूल जास्त वेळ कुठली बोलतं, आणि मूल सगळ्यांत आधी कुठली बोलायला किंवा समजायला शिकलं. एकाही प्रश्नाला इंग्रजी सोडून दुसरं उत्तर दिलंत, की मुलाची ‘अझेला’ नावाची इंग्रजीची परीक्षा होते. ओळखीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच : "तिन्हीकडे इंग्लिश लिहून टाक, उगाच झंझट." नवराही तेच म्हणाला. मी पहिल्या दोन ठिकाणी काय लिहायचं यावर घोटाळत होते, पण तिसऱ्या प्रश्नाला हात थबकला. या पोरीनं पहिला शब्द ‘पापा’ म्हटला होता, आणि तो बाबांसाठी नव्हता, मांजरीचा मुका घेण्यासाठी होता. तिथं ‘इंग्लिश’ कसं लिहू? मराठी लिहिलं. तिन्हीकडे. दुसऱ्या आठवड्यात तिची परीक्षा झाली, ती पास झाली, घरी येऊन म्हणाली की एका मॅडमनी गोष्ट सांगितली आणि स्टिकर दिला. विषय संपला. पुढं कुणी त्याबद्दल काही विचारलंही नाही.

आता शाळा सुरू झाल्यावरचं, म्हणजे फोनवर विचारतात ते.

आपल्या लोकांना ‘क्लासिकल’ म्हटलं की गणवेश, शिस्त, पाठांतर, भरपूर गृहपाठ असं चित्र दिसतं आणि मनातल्या मनात बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी तर ही शाळा आपल्या पोराला दोन वर्षं पुढं पळवेल असं धरूनच चालले होते. इथं अशी पळवणारी चार्टर शाळाही आहे, बेसिस. ती १९९८ साली टुसानमध्ये सुरू झाली आणि आपल्यातली कितीतरी मुलं तिथं आहेत. क्लासिकल शाळेचं घोडं वेगळ्याच दिशेला जातं. तिथं पुढं पळवत नाहीत, उलट थांबवतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरगी मागं पडतेय.

उदाहरणार्थ, वाचायला शिकवण्याची तऱ्हा. इंग्रजीतले सत्तर ध्वनिसमूह, त्यांना फोनोग्राम म्हणतात, कार्डावर दाखवायचे आणि प्रत्येकाचे जितके उच्चार असतील तितके मुलांनी एका सुरात म्हणायचे. एका संध्याकाळी लेकीनं माझ्यासमोर ‘ओ-यू-जी-एच’चं कार्ड धरलं. मी म्हटलं, "ऑफ." ती थांबून राहिली. "आई, सहा आहेत." दो, थ्रू, रफ, कफ, थॉट, बाऊ. मी इंग्रजी माध्यमात शिकले, नोकरी इंग्रजीत केली, आणि हे सहा कधी एका जागी मांडून पाहिले नव्हते. शब्दाच्या शेवटच्या मुक्या ‘ई’ची पाच कामंसुद्धा तिनंच मला शिकवली. बाराखडी घोकून घेणाऱ्या आजीला हे ऐकून आनंद झाला. "म्हणजे इंग्रजीला पण नियम आहेत होय! आम्हाला मास्तर म्हणायचे, पाठ करा, विचारू नका."

तर पाठांतर आहे. कविता आहेत, तारखा आहेत, पाढे आहेत. शब्दलेखन आहे, ज्यात अक्षर रेघेवर टेकलं नाही की पुन्हा लिहायला लावतात. पण ते सगळं खालच्या वर्गांत. या पद्धतीत मुलाचं शिक्षण तीन टप्प्यांत बघतात : आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. मध्ययुगीन युरोपातल्या तीन विषयांची ही नावं. त्यांना मुलांच्या वयाशी जोडण्याची कल्पना इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमधल्या एका भाषणात मांडली. आपल्याला पहिला टप्पा फार आवडतो, कारण तो आपल्या ओळखीचा असतो. दुसऱ्या टप्प्याला घरात कोण तयार असतं?

आमच्या घरात नव्हतं. सहावीच्या शेवटी जेवणाच्या टेबलावर आयपॅडवरून वाद झाला. नवरा म्हणाला, "तुझ्या खोलीची अवस्था बघ आधी, मग आयपॅड माग." लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, माझी खोली घाण असेल, पण त्यावरून माझा मुद्दा चुकीचा ठरत नाही. हे ॲड होमिनेम झालं, मुद्दा सोडून माणसावर." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढायला उठले. आयपॅड मिळाला नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे ‘मी सांगतो म्हणून’ हे कारण चालेनासं झालं. ज्यांना ते चालवायचं आहे, त्यांनी या शाळेचा जरा विचार करावा. हे मी थट्टेनं लिहीत नाही.

पालकांसाठी एकदा संध्याकाळी चर्चेचा वर्ग ठेवला होता. टेबलाभोवती गोल बसायचं, एक पानभर मजकूर वाचायचा, शिक्षक एक प्रश्न टाकणार आणि गप्प बसणार. मी दोन पदव्या घेतलेली बाई, पन्नास मिनिटांत एक वाक्य बोलले नाही. उत्तर काय अपेक्षित आहे याचा अंदाज घेत बसले होते. तसं एक उत्तर तिथं नव्हतंच. घरी येताना गाडीत लेकीनं विचारलं, "बोललीस का?" आपण तिला विचारतो ना, अगदी त्याच सुरात.

लॅटिन सहावीत सुरू झालं. "याचा उपयोग काय?" असं मीही विचारलं होतं. मग एका रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल चालू असताना ती बाजूला बसून विभक्ती घोकत होती : पुएल्ला, पुएल्लाए, पुएल्लाए, पुएल्लाम... पलीकडून सासूबाई एकदम म्हणाल्या, "थांब थांब. पुन्हा म्हण." त्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती थोडक्यात हुकल्याची खंत त्या अजून बोलून दाखवतात. "पुएल्लाम म्हणजे मुलीला ना? द्वितीया? आमचंही मालाम्." मग दोघींनी कागदावर माला आणि पुएल्ला शेजारी शेजारी मांडलं. आजीचा एकच आक्षेप होता : "द्विवचन नाही? आणि विभक्त्या पण आमच्या आठ! मग सोपंच आहे की." आजी आणि नात आता रविवारी अर्धा तास हेच करतात. शाळेनं हे आश्वासन कुठल्याच पत्रकात दिलं नव्हतं.

आता तक्रारी. स्कूलबस नाही. इथल्या चार्टर शाळांना बस देणं बंधनकारक नाही आणि बऱ्याच देत नाहीत. ऑगस्टमध्ये बाहेर त्रेचाळीस अंश असताना गाड्यांच्या रांगेत चाळीस-चाळीस मिनिटं, रोज. आम्ही तीन घरांनी पाळी लावून घेतली, नाहीतर माझी नोकरी गेली असती. उपाहारगृह नाही, डबा द्यावाच लागतो. फी नाही हे खरं, पण पहिल्याच महिन्यात देणगीचं पत्र आलं आणि त्यातली भाषा अशी होती की मला ती फीच वाटली. ती ऐच्छिक असते, न दिल्यास मुलाला काही होत नाही. इथल्या जिल्ह्याच्या, म्हणजे आपापल्या भागातल्या नेहमीच्या सरकारी, शाळांना मतदानानं मंजूर झालेला स्थानिक कराचा जादा पैसा मिळतो, तो चार्टरला मिळत नाही, म्हणून ही पत्रं येतात. शाळेच्या अवांतर उपक्रमांना दिलेल्या पैशावर नवरा-बायकोला मिळून चारशे डॉलरपर्यंत राज्याच्या करात तेवढीच सूट मिळते. आम्ही तेवढे देतो आणि गप्प बसतो.

शिक्षक हा खरा जुगार. ॲरिझोनात चार्टर शाळेच्या शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे कॉलेजातून तत्त्वज्ञान शिकून आलेला, पोरांना वेड लावणारा तरुणही भेटतो आणि त्याच कारणानं तो दोन वर्षांत निघूनही जातो. चौथीत लेकीचे एका वर्षात तीन वर्गशिक्षक झाले. ते वर्ष वाया गेलं, दुसरा शब्द नाही.

मैत्रिणीच्या मुलाला बोलण्याची अडचण होती. कायद्यानं चार्टर शाळेलाही विशेष मदत द्यावीच लागते, त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. पण त्याच्या चार्टर शाळेत वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकच दिवस यायच्या. जिल्ह्याची शाळा त्यात कितीतरी सुसज्ज निघाली, आणि मुलगा तिकडं परत गेला. जिल्ह्याची शाळा कधीही घेते. उलट प्रवास मात्र पुन्हा सोडतीतून. म्हणून नाव काढण्याआधी महिनाभर थांबा, आणि नाव घालण्याआधी विचारा : तज्ज्ञ कोण, किती दिवस, किती मुलांसाठी.

धाकटा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. भावंड म्हणून त्याचा नंबर लागेलच, पण पोरगा तिच्यासारखा नाही. त्याला बसून लिहिणं म्हणजे शिक्षा. हाताला काहीतरी लागतं, स्क्रू नाहीतर माती. फॉर्म अर्धा भरून ठेवलाय, भाषेच्या तिन्ही प्रश्नांपुढे मराठी लिहून. गुरुवारी त्याला घेऊन पहिलीच्या वर्गात मागं बसून यायचं ठरलंय. लेकीच्या वेळी आम्ही ते केलंच नव्हतं.