कणकवली इली काय उठव

ठाण्याला गाडीत चढलो आणि चक्क खिडकी मिळाली. समोर बसलेल्या काकांनी आधी बूट काढले, मग पाय वर घेतले आणि मला फर्मान सोडलं, "डोळो लागलो तर कणकवली इली काय उठव हां." मी रत्नागिरीलाच उतरणार होतो. ती जबाबदारी मग शेजारच्या मुलावर गेली.

वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं. कणकवली येते! आपण सगळेच असं बोलतो. 'पनवेल गेलं का?', 'रोहा आलं वाटतं.' गाव जागचं हलत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी गाडीत बसलं की गावं येतात आणि जातात. शाळेत सरांनी फळ्यावर 'संदर्भचौकट' (म्हणजे वेग कुणाच्या जागेवरून मोजायचा ते) असा भारदस्त शब्द लिहून आम्हाला घाबरवलं होतं. त्यांनी नुसतं काकांचं वाक्य लिहिलं असतं तरी भागलं असतं.

ठाणं सुटल्यावर बाजूच्या रुळावर एक लोकल आली. दारात सॅक पोटावर घेतलेला एक जण उभा. दोन्ही गाड्यांचा वेग इतका जुळला की तो माझ्या खिडकीसमोर थांबूनच राहिला. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं, तेसुद्धा दिसलं. खाली खडी वाहत होती, खांब सटासट मागे जात होते आणि आम्ही दोघं चाळीच्या समोरासमोरच्या गॅलऱ्यांत उभे असल्यासारखे. गाड्या ताशी साठने धावत होत्या म्हणा, पण त्याच्या मानाने माझा वेग शून्य. मग तो हळूहळू मागे सरकू लागला. उलटा चालत निघाल्यासारखा. एवढ्यात समोरून दुसरी लोकल धाडकन अंगावर आली. तिच्यातलं एकही तोंड दिसलं नाही, कारण तिचे साठ आणि आमचे साठ मिळून एकशेवीस झाले होते.

रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. वीरपर्यंत आता दुहेरी मार्ग झालाय, पुढे बहुतेक एकेरीच. म्हणजे क्रॉसिंग आलं, समोरची गाडी जाईपर्यंत बाजूला थांबायचं. आरवली रोडला आम्ही असेच बाजूला उभे राहिलो. पलीकडच्या रुळावर रो-रो उभी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सपाट वॅगनवर भरलेले ट्रक चढवून कोलाड ते गोव्यातलं वेर्णा असे नेतात. १९९९ पासून हे चालू आहे. मला या मार्गावरची सगळ्यात आवडती गोष्ट हीच, बोगदे आणि पूल त्यानंतर. एका केबिनमध्ये ड्रायव्हर डॅशबोर्डवर पाय टाकून बसला होता. हा माणूस आपला ट्रक घेऊन चाललाय, पण ट्रकचं एक चाक फिरत नाही आणि मीटरवर किलोमीटर चढत नाही. ट्रक चालू आहे की उभा? वॅगनला विचारा, उभा. रो-रो सुटल्यावर आरवलीच्या फलाटाला विचारा, तो वेगळं सांगेल.

तेवढ्यात आमची गाडी सुटली. धक्का नाही, आवाज नाही, ताडपत्र्या एकेक मागे जायला लागल्या. मी म्हटलं, "सुटली एकदाची."

काकांनी डोळेही उघडले नाहीत. "आपली खंय? ती गेली ती."

शेवटची वॅगन सरकली आणि मागचा आंबा दिसला. जागच्या जागी, ढिम्म. पोटात एकदम खड्डा पडला. डोळ्यांनी हललो म्हणून सांगितलं होतं, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग गप्प होता, आणि मी डोळ्यांचं ऐकलं. पण कानाचाही भरवसा धरता येत नाही. गाडी एकाच वेगाने सरळ जात असेल तर तोही गप्पच बसतो.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नेमका हाच दाखला दिला होता. त्याची रेल्वे म्हणजे नाव. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे आपण, फलाट, आंबा आणि काका, सगळे पूर्वेकडे फिरतोय. रत्नागिरीच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १६०० किलोमीटर भरतो. ज्या आंब्याच्या जिवावर मी स्वतःला 'थांबलेला' ठरवलं, त्याची ही गत.

उक्षी गेलं (पाहा, मीही तेच बोलतोय) आणि करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटर. खिडकीत नुसता काळोख. गॅलिलिओने १६३२ साली छापलेल्या ग्रंथात वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेलं होतं. तिथे फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या भांड्यातून पाणी थेंब थेंब खालच्या भांड्यात पडतंय. जहाज संथ चालत असो की उभं असो, यांतलं काहीच बदलत नाही. माझ्याकडे फुलपाखरू नव्हतं, पुडीत शेंगदाणे होते. एक फूटभर वर उडवला. वर जाऊन खाली यायला अर्धा सेकंद. तेवढ्यात गाडी साठच्या वेगाने आठ मीटर पुढे गेलेली, म्हणजे दाणा मागच्या कुणाच्या तरी डोक्यावर पडायला हवा. पडला माझ्याच तळहातात. गाडीचा वेग त्याच्याही अंगात होता.

शेजारच्या मुलाने सहा दाणे उडवले, पाच झेलले. सहावा उडाला आणि नेमका ब्रेक लागला. गाडीचा वेग कमी झाला, दाण्याचा नाही. तो पुढे जाऊन काकांच्या मांडीवर पडला. बाटलीतलं पाणीही पुढे कललं. बंद खोलीत नुसता वेग कळत नाही, पण वेगातला बदल लपत नाही. काकांनी दाणा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला.

"कणकवली इली?"

"नाही हो काका, आता रत्नागिरी येईल."

उतरून फलाटावर उभा राहिलो. खिडकीत काकांनी हात वर केला. गाडी हलली, डबे माझ्यासमोरून सरकत गेले. काकांच्या बाजूने मात्र रत्नागिरी चालली होती, फलाट, वडापावची गाडी आणि हातात रिकामी पुडी धरलेला मी, सगळं घेऊन.